अंजनाबाईचं नाक

मधुकर देसल्यांनी पिशवी उलटी केली. मुशीचे, त्या लहान शार्क माशाचे, तुकडे अंजनाबाईच्या ओट्यावर पडले, दोन-चार तिच्या मांडीवर पडले आणि एक तिच्या खांद्याला चिकटून राहिला.

"घे, तूच खा! मुतारीचा वास येतोय ह्याला. बायकोनं पातेल्यात टाकली आणि अख्खा मजला दारं उघडून बाहेर आला."

१९६७ सालातला, नवरात्राच्या आधीचा रविवार होता. मालाडचा मासळीबाजार गिऱ्हाइकांनी भरला होता. मी दोन ओटे सोडून उभा होतो आणि माझ्या खिशात अंजनाबाईच्या गोळ्यांची बाटली होती. मी खाडीपलीकडे, तिच्याच गावात, मनोरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. दर महिन्याला मालाडहून तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणून देण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"अहो, निदान बघून घ्यायचं," गर्दीतलं कुणीतरी देसल्यांना म्हणालं.

"काय बघायचं? दहा वर्षं हिच्याकडून घेतोय. अंजनाबाईनं दिलं म्हणजे बघायचं नाही, असंच आमच्या सोसायटीत म्हणतात. म्हणत होते!"

सगळ्या कोळणी अंजनाबाईकडे बघत होत्या. एरवी तिनं देसल्यांना बाजाराच्या फाटकापर्यंत शिव्या देत पोचवलं असतं. ती बोलायला लागली की पलीकडच्या भाजीवाल्यांची घासाघीस थांबायची. त्या दिवशी तिनं खांद्यावरचा तुकडा काढला, मांडीवरचे वेचले, पाटीत ठेवले आणि ती रडायला लागली. रडण्याला आवाज नव्हता.

तिची धाकटी जाऊ मथुरा शेजारच्याच ओट्यावर बसायची. दोघींच्या घरात चार वर्षं बोलणं नव्हतं, पण होडी सामाईक होती. मथुरा सुरी खाली न ठेवता म्हणाली, "रडतेस कशाला गो? तुझ्या नाकाला कोण फसवील? काळोखात मासा हुंगून तो कुठल्या खाडीतला ते सांगणारी तू. ठाऊक होतं तुला. ठाऊक असून विकलंस."

"तू टाकलीस माझ्या पाटीत," अंजनाबाई म्हणाली. एवढंच, आणि तेही पडलेल्या आवाजात.

"मी? ती मुशी मी खत म्हणून माडाच्या मुळात घालायला बाजूला काढली होती. उचललीस तू!"

त्या बाजारात कोळणींचा आपला एक कायदा होता. कुणी जाणूनबुजून सडका मासा विकला, तर तिची पाटी तिच्याच ओट्यावर उपडी ठेवायची. पाटी उपडी असेपर्यंत तिनं बसायचं नाही, आणि ती पुन्हा उताणी करायची की नाही ते सगळ्याजणी मिळून ठरवायच्या. नाही ठरलं तर ओटा शेजारणीचा. सगळ्यांत म्हातारी चंपाआजी काठी टेकत आली. तिनं अंजनाबाईची पाटी रिकामी केली आणि उपडी घातली.

"गुरुवारी गिऱ्हाईक नसतं. गुरुवारी बसू," ती म्हणाली.

शेजारीण म्हणजे मथुरा.

मी पुढे होऊन बाटली अंजनाबाईच्या हातात दिली. तिनं ती कनवटीला लावली. गोळी कधी चुकवायची नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

*

एप्रिलमध्ये मार्वेच्या धक्क्यावर तिच्या नाकातून रक्त आलं तेव्हा मीच तिला मालाडच्या डॉक्टर रेळ्यांकडे नेलं होतं. पारा दोनशे वीसवर गेला होता. डॉक्टरांनी सर्पगंधेपासून केलेल्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत पारा दीडशेवर आला. मला इतका आनंद झाला की मी वर्गात फळ्यावर त्याचा आलेख काढला. अंजनाबाई शांत झाली, असं गाव म्हणायला लागलं. धक्क्यावर तिचं भांडण ऐकू येईना. मलाही वाटलं, बरं झालं, औषध लागू पडलं. ती संध्याकाळभर उंबऱ्यावर बसून राहायची, जेवायची नाही, वेणी घालायची नाही. त्याला मी शांतपणा समजलो. आज विचार केला की माझीच मला लाज वाटते.

सोमवारी सातवीचा तास होता. मी मुलांना म्हटलं, "दोन बोटं गळ्याला लावा. जबड्याखाली, बाजूला. सापडलं?"

"धडधडतंय, मास्तर!"

"त्या रक्तवाहिनीत एक पहारेकरी बसलाय. रक्ताचा दाब किती, ते तो क्षणाक्षणाला मेंदूला कळवतो. मेंदूच्या अगदी तळाशी, जिथून पाठीचा कणा सुरू होतो, तिथे एक छोटी कचेरी आहे. आता उकिडवे बसा. बसा सगळे. आता एकदम उभे राहा. रक्त पायाकडे धावलं. तरी चक्कर येऊन पडलात का? नाही. का? पहारेकऱ्यानं कळवलं, दाब उतरतोय. कचेरीनं मज्जातंतूंवरून हुकूम सोडला, रक्तवाहिन्या आवळा. दोन ठोक्यांत सगळं झालं. तुम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही."

मुलं पुन्हापुन्हा बसून उठायला लागली. मी होऊ दिलं. दोन मिनिटांनी विचारलं, "मालाडहून मनोरीला पत्र कसं येतं?"

"बसनं."

"बस मनोरीला येते?"

"नाय! मार्वेला थांबते. मग होडी."

"तसंच. मज्जातंतू रक्तवाहिनीपर्यंत पोचतो, पण तिला चिकटत नाही. मधे बारीकशी खाडी असते. हुकूम ती खाडी होडीतून ओलांडतो. त्या होडीचं नाव नॉरॲड्रेनॅलिन. ते एक रसायन आहे. मज्जातंतूच्या टोकाला त्याच्या भरलेल्या बारीक पिशव्या असतात. हुकूम आला की पिशवी फुटते, रसायन पलीकडे जातं, रक्तवाहिनी आवळते, दाब चढतो. काही माणसांत कचेरी फार हुकूम सोडते. दाब चढलेलाच राहतो. मग डॉक्टर गोळी देतात. ती गोळी धक्क्यावरच्या होड्याच नाहीशा करते. पिशव्या भरूच देत नाही. बस येते, पत्र येतं, होडी नसते."

जया मागच्या बाकावर बसायची. अंजनाबाईची ही धाकटी मुलगी तेरा वर्षांची होती. तिनं हात वर केला नाही, तशीच उभी राहिली.

"मास्तर, त्या होड्या फक्त रक्तवाहिनीवरच असतात?"

"नाही. मेंदूतही असतात. तिथे एका तंतूकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, तोही असाच. हुरूप, राग, झोप, भूक..."

मी थांबलो. पुढचं वाक्य मला माहीत होतं आणि ते मी सहा महिने स्वतःला म्हटलं नव्हतं.

"आणि नाकात?" जया म्हणाली. "आईचं नाक श्रावणापासून चोंदलंय. सर्दी नाय, काय नाय. परवा दूध करपलं, घरभर धूर झाला. ती चुलीला लागून बसली होती. तिला कळलंच नाय."

एक मुलगा फिदीफिदी हसला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

नाकाच्या आतलं कातडंही बारीक रक्तवाहिन्यांनीच भरलेलं असतं. त्यांना आवळून धरणारा हुकूम पोचला नाही की त्या सैल पडतात, फुगतात, आणि नाक चोंदतं. हे मी जयाला सांगितलं. पहाटेच्या काळोखात अंजनाबाई मासा डोळ्यांनी नाही, नाकानं निवडायची. तिनं मथुरेनं टाकायला काढलेली मुशी उचलली, कारण तिला ती ताज्या मुशीसारखीच वाटली.

*

मंगळवारी शाळा सुटल्यावर डॉक्टर रेळ्यांकडे गेलो. दवाखाना भरलेला होता.

"तुम्ही मास्तर आहात की डॉक्टर?" माझं अर्धं ऐकून ते म्हणाले. "नाक चोंदतं, माहीत आहे मला. पुस्तकात लिहिलंय. त्यानं कुणी मरत नाही. दोनशे वीसनं मरतं."

"डॉक्टर, ती कोळीण आहे."

"मग?"

"ती नाकावर जगते. त्या नाकामुळे तिचा ओटा जातोय. आणि ती जेवत नाही, बोलत नाही, बसल्या जागी रडते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "रडते? केव्हापासून?"

"दोन महिने."

"आणि तुम्ही हे आज सांगताय? दर महिन्याला गोळ्या न्यायला येत होतात तेव्हा काय सांगत होतात? 'शांत झाली.' तुमचेच शब्द!" बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली. "ह्या गोळीनं धडधाकट माणसं जीव द्यायला विहिरीपर्यंत गेलीत, मास्तर. बंद करा ती. आजपासून."

दुसरी गोळी त्यांनी लिहून दिली. ती लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढायची. बजावलं, की सुकट-बोंबील बंद, दर आठवड्याला दाब तपासायचा. "रिकाम्या पिशव्या भरायला वेळ लागतो. दोन-तीन आठवडे. नाक आधी उघडेल, मन मागून येईल. आणि पारा चढणार, ह्या नव्या गोळीनं तो पूर्ण उतरणार नाही. तिला तसं सांगा. ह्या वेळी सगळं सांगा."

बुधवारी दुपारी मी अंजनाबाईच्या घरी गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती. मी सगळं सांगितलं, पहारेकरी, कचेरी, खाडी, होडी. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वास येतो."

मी खिशातला रुमाल काढून तिच्या नाकाशी धरला. "कसला आहे?"

ती खोल श्वास घेऊन म्हणाली, "साबणाचा. तेरेसाबाईनं धुतलाय."

जया दारात उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. तेरेसानं, माझ्या बायकोनं, धुतलेला तो रुमाल मी घासलेटात बुडवून आणला होता.

अंजनाबाईनं आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे सहा महिन्यांत पहिल्यांदा जागे झाल्यासारखे दिसले.

"माझी परीक्षा घेतलीत? माझ्या पोरीसमोर?"

"अंजनाबाई, उद्या हेच सांगायचं. तुम्ही लबाडी केली नाहीत, तुम्हाला वासच आला नाही. पाटी उताणी होईल."

"डोकं हाय का तुम्हाला, मास्तर? लबाड म्हणतील तर वर्षभर म्हणतील. मग विसरतील. लबाडी कुणी केली नाय? पण कोळणीचं नाक मेलं हे ऐकल्यावर तिच्याकडून मासा कोण घेईल? मेल्यावरसुद्धा म्हणतील, ही ती नाकमेली." ती उठून उभी राहिली, भिंत धरून. "मी सांगणार, मथुरेनं टाकली. तुम्ही तोंड उघडलंत तर ह्या दारात पाय ठेवायचा नाय."

मी शपथ घेतली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गोळ्यांची जुनी बाटली मागून घेतली आणि परत आलो.

*

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी बाजारात गेलो. ओटे धुतलेले होते. तीसेक बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. मधे ती उपडी पाटी होती. मी एकटाच पुरुष होतो आणि ते मला लगेच जाणवून देण्यात आलं.

"मास्तर, शाळा इथे भरवलीत काय?"

"पट्टी आणलीय का, पट्टी? हात पुढे करू?"

चंपाआजीनं काठी आपटली. "अंजने, बोल. ठाऊक होतं की नव्हतं?"

"मथुरेनं माझ्या वाट्यात टाकली. चांगली मुशी उचलली नि नासकी ठेवली."

"जीभ झडेल तुझी!" मथुरा उठली. "माझ्या पोरांची आण, मी ती कडेला काढली होती. माझा सासू-सासऱ्यांनी दिलेला वाटा खाल्लास, आता ओटा खायला निघालीस?"

"काळोखात कोण बघत होतं?" एक म्हणाली. "चार वर्षांचं वैर हाय दोघींचं. मथुरेनं केलं असंल."

"आणि ओटा कुणाला मिळणार होता? मथुरेलाच ना?"

बघताबघता बोलणं फिरलं. पायऱ्यांवरच्या बायका मथुरेच्या अंगावर धावून जायच्या बेतात होत्या. चंपाआजी म्हणाली, "खरं असंल तर मथुरेची पाटी उपडी. कायमची."  मथुरा खाली बसली. तिच्या घरी पाच मुलं होती आणि नवरा दम्यानं अंथरुणाला लागलेला होता. अंजनाबाई तिच्याकडे न बघता उपड्या पाटीकडे बघत होती.

मी पुढे झालो. "मथुरेनं काही केलेलं नाही. अंजनाबाईनंही केलेलं नाही. तिला वास येत नाही. ते मी दिलेल्या गोळ्यांमुळे झालं."

 एवढा गलका उठला की माझे पुढचे शब्द मलाच ऐकू येईनात. मी थांबलो. वर्गातही मी असाच थांबतो. गलका ओसरल्यावर त्यांना धक्क्यावरच्या होड्यांची गोष्ट सांगितली. "गोळी घेऊन होडी बुडते होय?" म्हणून एकीनं टर उडवली, दुसरीनं मला खुळा ठरवलं. पण चंपाआजीनं विचारलं, "होडी बंद असली म्हंजे दाब चढत नाय, नि नाकपन बंद? दोघांचा धक्का एकच?"

"रसायन एकच, आजी. आणि मनाचंही तेच. म्हणून ती गेले दोन महिने भांडलेली नाही."

ह्यावर कुणी हसलं नाही. अंजनाबाई भांडत नाही, हे त्या सगळ्याजणींनी पाहिलं होतं. चंपाआजी तिच्याकडे वळली. "अंजने, खरं हाय?"

 अंजनाबाई माझ्यासमोर आली आणि माझ्या पायाशी थुंकली.

"एकवीस दिवस," चंपाआजी म्हणाली. "गोळी बंद. तवर ओट्यावर मथुरा बसंल. बाविसाव्या दिवशी डोळे बांधून वास घ्यायचा. चुकलीस तर ओटा गेला, आणि मग रडायचं नाय."

"मी एकवीस दिवस तिचा ओटा झाडणार नाय," मथुरा म्हणाली. मला मात्र जाताना तिनं वळसा घातला. मी तिला वाचवलं ही गोष्ट तिला आवडलेली नव्हती.

*

ते एकवीस दिवस गावानं मला सोसायला लावले. माझ्या फाटकावर कुणी माशांची आतडी टाकली. अंजनाबाई नव्या गोळीला शिव्या द्यायची, कारण त्या गोळीनं दर तासाला उठावं लागायचं. पहिल्या आठवड्यात त्या शिव्या मला जयाकडून कळायच्या, तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या खिडकीतून थेट ऐकू यायला लागल्या. पारा एकशे नव्वद. डॉक्टरांनी मान हलवली.

बाविसावा दिवसही गुरुवारच होता. ह्या वेळी मी बाजाराच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. आत ओल्या गोणपाटाखाली पाच पाट्या ठेवल्या होत्या. चंपाआजीनं स्वतःच्या पदरानं अंजनाबाईचे डोळे बांधले.

"सरंगा. आजचा," अंजनाबाई म्हणाली. "हे बोंबील. आजचेच, पण गोड्या पाण्यानं धुतलेत, कुणी शहाणीनं धुतले? हा बांगडा परवाचा, बर्फातला. ही कोळंबी, बरी हाय." पाचव्या पाटीशी ती वाकली आणि तशीच राहिली.  "मुशी. कालची. हिला मुतारीचा वास लागायला अजून चार तास हायत. नि हिच्याजवळ मथुरा उभी हाय, तोंडात मशेरी घालून. गो भवाने, ओट्यावर ऐटीत बसलीस एकवीस दिवस, घासायला हात मोडले होते काय तुझे? खवल्यांचा वास येतोय मला इथवर!"

मथुरेनं तितक्याच जोरात उत्तर दिलं. तीस बायका दोन बाजूंना वाटल्या गेल्या. त्या गदारोळात कुणीतरी पाटी उताणी केली.

अंजनाबाईनं मला पुन्हा कधी मासा विकला नाही. तेरेसा मथुरेकडून घेते, आणि मथुराही आम्हाला वरचा तुकडा देत नाही. अंजनाबाईच्या दारात मी पाय ठेवलेला नाही. गोळ्या मात्र मीच आणतो. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी आणखी एक नवी गोळी लिहून दिली, ती मी वर्गात जयाच्या हाती सोपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाटली माझ्या टेबलावर परत आणून ठेवली. बूच उघडलेलंही नव्हतं.

"आई घेत नाय," ती म्हणाली. "आधी कागदावर लिहून द्या, असं म्हणाली. ही गोळी कुठली होडी बुडवते?"

मला ते ठाऊक नव्हतं. मी मुलांना गणितं घातली आणि कागद-पेन घेऊन डॉक्टरांना विचारायला मालाडला निघालो.